वनपट्ट्यावरच्या झाडांचा कार्बन कोणाचा? सही करण्याआधी विचारतोय

डोंगरपाडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी मूळचा सुरगाणा तालुक्यातला, नोकरीमुळे आता पंचवटीत राहतो. आई-बाबा गावीच असतात. आम्हाला वनहक्काचा पट्टा (कसत आलेल्या वनजमिनीच्या हक्काचा कागद) मिळालाय, दीड एकराचा. कसतो मात्र तीन एकर. मोजणीला आलेल्यांनी ओढ्याकडचा नागलीचा तुकडा नकाशात धरलाच नाही. त्याचं अपील जिल्हा समितीकडे पडून आहे.

गेल्या महिन्यात एका कंपनीची दोन मुलं पाड्यावर आली. आंब्याची, काजूची, बांबूची रोपं फुकट देणार, झाडं वाढली की कार्बनचे पैसे दरवर्षी खात्यात जमा होणार, असं सांगितलं. मुलं बोलायला चांगली होती. मोबाइल हातात धरून बांधाबांधाने फिरली, स्क्रीनवर आमच्या रानाचा आकार उमटला. मग कागद काढला. सोळा पानं, सगळी इंग्रजीत. बाबांनी सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारून ठेवलेली.

आई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "पट्ट्यावर माझंबी नाव हाये, फोटो हाये. या कागदावर का नाही?" मुलांना उत्तर देता येईना. सही राहिली.

कागद मी इकडे आणून वाचला. मुदत चाळीस वर्षं. झाडांमुळे साठणाऱ्या कार्बनवरचे "सर्व हक्क, आज माहीत असलेले आणि पुढे निर्माण होणारे" कंपनीकडे. झाड तोडलं किंवा जळालं तर दिलेली रक्कम वसूल करता येईल. वाद झाला तर न्यायालयाऐवजी लवाद, तोही दुसऱ्या देशातल्या शहरात. माझे बाबा अजून नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरले की रस्ता ओलांडताना माझा हात धरतात.

पैशाची गरज आहे, हे खोटं बोलणार नाही. पाड्यावरच्या अकरा घरांनी सह्या करून टाकल्यात. आमचं अडलंय. आणि मला समजून घ्यायचंय की जागतिक हवामान कराराच्या नावाने आमच्या उंबऱ्यापर्यंत आलेल्या या कागदामागे कायदा कोणाचा आहे.

---

कायद्याचं_पान

दादा, आधी आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी नेमकं बोट ठेवलंय. वनहक्क कायदा २००६, कलम ४(४): पती-पत्नी असतील तर हक्काची नोंद दोघांच्या नावे. माझ्या मते एकट्या बाबांच्या सहीने हा करार होऊ शकत नाही. त्याच कलमात पुढे आहे की हा हक्क वारसाने जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. जमीन विकत नाही, फक्त कार्बन घेतो, असं कंपनी म्हणेल. माझं मत सांगते: चाळीस वर्षं त्या जमिनीवर काय लावायचं, काय तोडायचं हे दुसरा ठरवणार असेल आणि चुकलात तर वसुली करणार असेल, तर ते हस्तांतरणाच्या फार जवळ जातं. नोटरी करून दिली म्हणून ते कायदेशीर होत नाही.

आता "कार्बन कोणाचा" याबद्दल. वनहक्क कायद्यात कार्बन हा शब्द नाही. गौण वनोपजाची मालकी आहे, सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्माण, व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे, जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क आहे. कार्बन नाही. देशात कार्बन बाजारासाठी २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त झाला, २०२३ ला योजना अधिसूचित झाली, पण आदिवासीच्या पट्ट्यावरच्या झाडातला कार्बन कोणाचा हे त्यातून सुटत नाही. रिकाम्या जागेत जो पहिला करार घेऊन येतो, त्याचा शब्द कायद्यासारखा वागू लागतो. म्हणून "पुढे निर्माण होणारे हक्क" हे शब्द त्यांनी घातलेत. उद्या सरकारने कायदा करून कार्बन तुमचा आहे म्हटलं तरी तो तुम्ही आज देऊन बसलेले असाल. ते वाक्य खोडल्याशिवाय सही नको.

---

गोदाकाठची

इकडे शहरात तपोवनातल्या झाडांवरून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडायची नोटीस निघाली, लोक हरकती घेऊन महापालिकेत गेले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. हे घडलं कारण शहरी झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, नोटीस मराठीत लागते, हरकतीला मुदत असते. दादांच्या पाड्यावर फक्त पेन्सिलची फुली होती. मला हा फरक फार लागला.

---

सागवान५८

मी वनखात्यातून निवृत्त झालो. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली नऊ पेठ-हरसूल पट्ट्यात. इथे खात्याबद्दल वाईट बोललं जाणारच, म्हणून आधी माझी बाजू मांडतो.

गुजरातच्या हद्दीला लागून खैर किती गेला हे ज्याने रात्री नाक्यावर थंडीत उभं राहून पाहिलंय त्यालाच ठाऊक. एका बीटला एक गार्ड, हातात काठी, समोर गाडी भरून माणसं. पट्टा मिळेल या आशेने डोंगराच्या उतारावर झाडांची साल गोल काढून ती वाळवलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत, २००५ च्या डिसेंबरनंतर, म्हणजे पट्ट्यासाठी ताबा दाखवायची तारीख उलटल्यावर. सगळेच दावे सरळ असतात असं मानू नका. जंगल राखायला कोणाला तरी नाही म्हणावं लागतं, आणि ते आम्ही म्हणत होतो.

पण डोंगरपाडा, तुमचा कागद वाचून मला माझ्या प्रशिक्षणातलं एक पान आठवलं. भारतीय वन अधिनियम १९२७, कलम ६. राखीव जंगल करण्याआधी जमाबंदी अधिकाऱ्याने आजूबाजूच्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत जाहीरनामा लावायचा आणि हक्क सांगायला किमान तीन महिने द्यायचे. किती ठिकाणी तो नीट लागला हा वेगळा प्रश्न. पण इंग्रजांच्या कायद्यातसुद्धा लोकांच्या भाषेत सांगण्याची सक्ती होती. तुमच्याकडे आलेला कागद त्याही खाली गेला.

---

मोजमाप

मी पुण्यात, कार्बन प्रकल्पांची पडताळणी करणाऱ्यांबरोबर काम करतो. थोडी दुसरी बाजू.

कार्बनचा व्यवहार क्रेडिटांत होतो. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. तो एक तर हवेतून शोषला गेला पाहिजे किंवा हवेत जाण्यापासून थांबला पाहिजे. बोडक्या उतारावर आंबा-काजू लावून दहा-पंधरा वर्षं टिकवला तर तो कार्बन खरा असतो, शेतकऱ्याला फळही मिळतं. असे चांगले प्रकल्प मी पाहिलेत. "जंगलतोड थांबवली" म्हणून मिळणारी क्रेडिटं वेगळी. त्यांत "आम्ही नसतो तर किती तोड झाली असती" हा अंदाजच सगळं ठरवतो, आणि अंदाज फुगवला की क्रेडिट फुगतं. २०२३ च्या जानेवारीत व्हेरा या सगळ्यात मोठ्या नोंदणीसंस्थेच्या वर्षावनातल्या क्रेडिटांबद्दल पत्रकारांची शोधमालिका आली, नव्वद टक्क्यांहून अधिक क्रेडिटांमागे खरी घट नाही असं तिने म्हटलं. संस्थेने ते अमान्य केलं, पण बाजाराचा विश्वास उडाला. तुमच्याकडे आलेला प्रकल्प लागवडीचा दिसतोय, म्हणजे तो दोष त्याला तितका लागत नाही.

कंपनीला हे विचारा: प्रकल्प कुठल्या नोंदणीसंस्थेकडे आहे, क्रमांक काय, आराखडा जाहीर झालाय का. विक्रीच्या रकमेतला शेतकऱ्याचा वाटा किती टक्के, आणि तो विक्रीच्या किमतीवर की खर्च वजा जाता उरलेल्यावर? खरा खेळ इथे असतो.

---

डोंगरपाडा

@मोजमाप, करारात "निव्वळ उत्पन्नाच्या" असं लिहिलंय. खर्च कोण ठरवणार ते नाही.

एक खरंच कळत नाही. आमच्या पाड्यामागे देवाचं रान आहे. आजोबांच्या आधीपासून तिथे कोणी कुऱ्हाड लावत नाही, वाळलेलं लाकूडसुद्धा घरी आणत नाहीत. मी त्या मुलांना विचारलं, याचे पैसे मिळतील का? म्हणाले, नाही, ते आधीच राखलेलं आहे, त्यात "नवीन काही नाही".

---

मोजमाप

बरोबर आहे त्यांचं, नियमाप्रमाणे. प्रकल्पामुळे जास्तीचं काय झालं तेवढंच मोजतात. ज्याने कधी तोडलंच नाही त्याच्या हिशेबात जास्तीचं काही दाखवता येत नाही. हे मला स्वतःलाही पटत नाही, पण नियम तसा आहे.

---

कायद्याचं_पान

नियम तसा आहे, पण तो कोणी लिहिला हे पाहायला हवं. दादांचा मूळ प्रश्न तोच होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९९२ ला रिओमध्ये हवामानाचा करार झाला, जैवविविधतेचा झाला. जंगलाचा व्हायचा होता, तो झाला नाही. श्रीमंत देशांना बंधनकारक करार हवा होता. भारत, मलेशिया वगैरे देश म्हणाले की आमची जंगलं ही आमच्या सार्वभौम हक्कातली गोष्ट आहे, तुमची जंगलं कापून झाल्यावर आम्हाला शिकवू नका. ती भूमिका चुकीची होती असं मी म्हणणार नाही. शेवटी एक तत्त्वांची यादी निघाली, आणि तिच्या अधिकृत नावातच "कायद्याने बंधनकारक नसलेलं" असं लिहिलं आहे. पण सार्वभौमत्व म्हणजे दिल्लीचं. पाड्याचं सार्वभौमत्व त्या टेबलावर कोणी मांडलं नाही.

मग जंगल मागच्या दाराने हवामानाच्या करारात आलं, कार्बनचं कोठार म्हणून. २००७ ला बालीत तो विषय अधिकृत वाटाघाटींत आला, २०१० ला कानकूनमध्ये रेड-प्लस ठरलं: जंगल राखा, पैसे घ्या. आदिवासी संघटनांनी तिथे मोठा लढा दिला, त्यामुळे संरक्षक अटी जोडल्या गेल्या. मूलवासींच्या ज्ञानाचा आणि हक्कांचा आदर, त्यांचा पूर्ण आणि परिणामकारक सहभाग, नैसर्गिक जंगल मोडून लागवड नको. वाचायला सुंदर. पण मी वकील आहे, मी क्रियापद बघते. या अटींना "प्रोत्साहन आणि पाठबळ दिलं जावं" असं आहे. "दिलंच पाहिजे" असं नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००७ साली मूलवासींच्या हक्कांचा जाहीरनामा केला, भारताने त्याच्या बाजूने मत दिलं. कानकूनच्या निर्णयात त्याची फक्त "नोंद घेतली" आहे. २०१५ च्या पॅरिस हवामान करारात मूलवासींचे हक्क आले ते प्रस्तावनेत, आणि कलम ५ मध्ये जंगलासाठी देशांना "प्रोत्साहन" आहे.

आता दादांच्या सोळा पानांतली क्रियापदं बघा. देईल, सोडेल, भरेल, वसूल केलं जाईल. माणसाच्या हक्काला "व्हावं", आणि कार्बनच्या मालकाला "झालंच पाहिजे". सत्ता कुठे आहे हे शोधायला मला एवढं पुरतं.

---

द्राक्षबाग_दिंडोरी

ताई, तुमचं शेवटचं वाक्य आम्हा बागायतदारांना लगेच कळतं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात आमच्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. त्या मर्यादा आमच्या संसदेत ठरल्या नव्हत्या, पण कर्जात आम्ही बुडालो. तेव्हापासून खरेदीदाराचा कागद हाच आमचा कायदा. औषध कधी मारलं, किती मारलं, प्लॉटचा नोंदणी क्रमांक, सगळं लिहून ठेवतो.

आता युरोपने जंगलतोडीचाही कायदा केलाय. २०२३ चा. कॉफी, कोको, रबर, सोया, पामतेल, गुरं आणि लाकूड या सात मालांसाठी. २०२० च्या ३१ डिसेंबरनंतर जंगल तोडून केलेली जमीन असेल तर माल चालणार नाही, आणि प्लॉटचे अक्षांश-रेखांश द्यायचे. अंमलबजावणी पुढे ढकलली जातेय, पण येणार. द्राक्ष त्यात नाही. तरी मी भावाला सांगून ठेवलंय की नकाशे नीट ठेव.

फरक एवढाच, आमच्याकडे संघ आहे, निर्यातदार आहेत, दिल्लीत बोलायला माणूस आहे. डोंगरपाड्याकडे कोण आहे?

---

सागवान५८

ग्रामसभा आहे. मी खात्यातला असून सांगतो.

ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचा निकाल आमच्या कार्यालयात वाचला गेला तेव्हा शांतता पसरली होती. एप्रिल २०१३. खाणीसाठी डोंगर द्यायचा की नाही, यात आपल्या हक्कांचा आणि देवाचा प्रश्न ग्रामसभांनी ठरवावा, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. बारा गावांनी एकामागून एक नाही म्हटलं, आणि खाण झाली नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ साली अठराशे हेक्टरच्या आसपास सामूहिक हक्क मिळाला. आमच्यातले कित्येक म्हणायचे, दोन वर्षांत जंगल साफ होईल. झालं नाही. मी चुकलो होतो, हे इथे लिहायला मला कमीपणा वाटत नाही.

---

नवखी_वाचक

हे सगळं आपल्याकडेच आहे की बाहेरही असंच?

---

कायद्याचं_पान

बाहेरही. केनियातला माऊ जंगलातला ओगिएक समाज बघा. मध गोळा करणारे लोक. जंगल वाचवायचं, पाणलोट वाचवायचा म्हणून सरकारने त्यांना बाहेर काढलं. त्यांचा खटला अरुशाच्या आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयात गेला आणि २६ मे २०१७ ला ते जिंकले. जंगलाची हानी ओगिएकांमुळे झाली हे सरकार सिद्ध करू शकलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. २०२२ ला भरपाईचा आणि जमिनीच्या मालकीहक्काचा आदेशही झाला. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांची घरं पुन्हा पाडली गेली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल हातात असून. निकाल बजावणारा पोलिस कोणाचा, याच्यावर सगळं अडतं.

आपल्याकडे १३ फेब्रुवारी २०१९ ला दावे फेटाळलेल्या लाखो कुटुंबांना बाहेर काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला होता, आठवतो ना? पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१८ मध्ये, नाशिकच्या सीबीएस चौकातून हजारो माणसं मुंबईपर्यंत चालत गेली होती, बरीचशी सुरगाणा-पेठ-दिंडोरीची, वनपट्टे मागत. माझ्या मते त्या सोललेल्या पायांचाही त्या स्थगितीत वाटा आहे, जरी आदेशात तसं लिहिलेलं नसलं तरी.

---

मोजमाप

एक भर. भारताने पॅरिस कराराखाली सांगितलंय की २०३० पर्यंत झाडांतून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतकं जास्तीचं कोठार उभं करू. आणि आपल्याकडे सर्वेक्षणात एक हेक्टरपेक्षा मोठा, दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलेला कुठलाही तुकडा वनाच्छादनात येतो. मालक कोणी असो, झाड कुठलंही असो, आमराई असली तरी. म्हणजे डोंगरपाडाच्या आईंनी लावलेला आंबा सरकारच्या वहीत, कंपनीच्या वहीत आणि क्रेडिट विकत घेणाऱ्याच्या वहीत, असा तीन ठिकाणी लिहिला जाऊ शकतो. देशादेशांतल्या व्यवहारात ही दुबार मोजणी टाळायला पॅरिसच्या कलम ६ मध्ये वजावटीची तरतूद आहे. कंपन्यांच्या खासगी खरेदी-विक्रीत तसं बंधन नाही.

कानकूनच्या अटींबद्दल ताईंनी जे लिहिलं ते मी रोज वापरतो आणि कधी असं वाचलं नव्हतं.

---

डोंगरपाडा

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. मधे गावी होतो.

सागवानकाकांचं ऐकलं. पाड्याची ग्रामसभा बोलावली. निम्म्याहून जास्त माणसं हवीत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात, हा नियम मी मोबाइलवर वाचून दाखवला. बायाच जास्त आल्या. देवळासमोर गोधड्या टाकून बसलो. मी सोळा पानं मराठीत सांगितली, दोन तास लागले. चाळीस वर्षं म्हटल्यावर एक म्हातारा म्हणाला, "तवा माझा नातू बी म्हातारा असंल." लवाद म्हणजे काय ते समजावताना मात्र मी अडखळलो, शेवटी सांगितलं की भांडण झालं तर विमानाने जावं लागेल. कोणी काही बोललं नाही.

ठराव झाला. करार मराठीत द्या, नवरा-बायको दोघांच्या सह्या, मुदत दहा वर्षं, वाटा विक्रीच्या किमतीवर, वाद नाशिकच्या न्यायालयात, पुढच्या हक्कांचं वाक्य काढा, आणि जळाल्यास वसुली नाही. सही केलेल्या अकरा घरांपैकी आठ घरांनी ठरावावर अंगठे-सह्या दिल्या. तिघं नाही म्हणाले, त्यांनी रोपं आधीच लावलीत, भीती वाटते. त्यांना दोष देता येत नाही. कंपनीच्या मुलाने फोनवर "वर विचारतो" म्हटलंय.

आता दुसरीच गोष्ट. कंपनीने मोबाइलवर काढलेला नकाशा मी त्याच्याकडून मागून घेतला. त्यात आमचं रान तीन एकर चार गुंठे आलंय. ओढ्याकडचा तुकडा धरून! सरकारी मोजणीत दीड एकर. तोच उपग्रह वर फिरतो ना? कार्बन मोजायचा तर तीन एकर, हक्क द्यायचा तर दीड. ताई, हा नकाशा अपिलात लावता येईल का?

---

कायद्याचं_पान

लावता येईल, पण दोन गोष्टी सांभाळा. उपग्रहाचा किंवा जीपीएसचा पुरावा इतर पुराव्यांना जोड म्हणून चालतो, त्यांच्या जागी नाही, असं २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे. हे तुमच्या बाजूचंही आहे: केवळ जीपीएसवर बोट ठेवून तुमचा तुकडा कापला असेल तर ते चूक आहे. दुसरं, हा नकाशा आजचा आहे. तुम्हाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचाय. जुने कागद हवेत, वडीलधाऱ्यांचे जबाब हवेत. आणि हो, पट्टा नसलेला तुकडा कंपनीच्या करारात जाऊ देऊ नका, उलट तुमच्यावरच येईल.

घरात जुनं काही आहे का? पाहणीचा कागद, पंचनामा, दंडाची पावती?

---

डोंगरपाडा

आत्ता फोन करून विचारलं. आईने पत्र्याची पेटी उघडली. पट्ट्याच्या खाली, आजोबांच्या धोतराच्या फडक्यात सात पावत्या आहेत म्हणे. अतिक्रमण केलं म्हणून भरलेला दंड. शेजारच्या पोराने फोटो काढून पाठवले. एकीवर १९८७ वाचता येतंय, "ओढ्यालगत नागली" असंही दिसतंय. बाकीच्यांची शाई फिकी झालीय. आजोबा म्हणायचे, दंड भरला ना, मग पावती जपा.

---

सागवान५८

त्या पावत्या आम्हीच फाडायचो. जपून ठेवा. लॅमिनेशन करू नका, उष्णतेने उरलीसुरली शाईही उडू शकते. प्लास्टिकच्या पिशवीत नको, कोऱ्या कागदात सुट्या सुट्या ठेवा. आणि सातही पावत्यांवरचे क्रमांक आजच वहीत उतरवून घ्या. त्यांच्या स्थळप्रती कचेरीतल्या जुन्या पुस्तकांत असायला हव्यात, माहितीच्या अधिकारात मागता येतात. अर्ज कसा लिहायचा ते मी सांगतो. रविवारी नाशिकला असाल तर पंचवटी कारंजावर भेटू, मी सकाळी दहाला येतो.